पॅकिंगमधल्या बायकांची साक्ष

"हात दे तुझा," कमरुन म्हणाली.

कचेरीच्या मागे पाण्याची टाकी होती. तिच्या सावलीत आम्ही पॅकिंगच्या सगळ्या बायका उभ्या होतो, बावीस जणी. सुनावणी अकराची होती आणि साडेदहालाच ऊन असं तापलं होतं की चपलेतून चटका बसत होता. मी हात पुढे केला. कमरुनने तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बाकीच्यांनी एकेक करून वर हात ठेवले.

"पॅकिंगमधलं आत काही बोलायचं नाही. आपण माल डब्यात भरत होतो, एवढंच. काय भरत होता विचारलं, तर थर्मामीटर. कुठले विचारलं, तर कंपनीचे. शपथ?"

"शपथ," सगळ्या म्हणाल्या. मीही म्हणाले.

ही एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कुपवाडच्या एमआयडीसीत आमची थर्मामीटरची कंपनी होती. तापाचं, काचेचं, पाऱ्याचं थर्मामीटर. माझे यजमान सिद्राम तेरदाळे तिथे फुंकणीवर होते. काचेची बारीक नळी ज्योतीवर धरायची, टोक मऊ झालं की रबरी नळीतून अलगद फुंकर घालायची, म्हणजे टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा फुगा येतो. त्यातच पुढे पारा भरतात. फुंकर जास्त झाली तर फुगा पातळ, कमी झाली तर जाड. आमचे हे सतरा वर्षं ती फुंकर घालत होते. मी पॅकिंगला होते, नऊ वर्षं.

मार्चमध्ये कंपनी बंद झाली. त्याच वर्षी सरकारने एक योजना काढली होती. बाहेरच्या देशातल्या मालामुळे ज्यांचं काम गेलं, अशा कामगारांना दीड वर्ष दरमहा मदत आणि दुसरं काम शिकायची सोय. आमच्या युनियनचे सेक्रेटरी मगदूमअण्णा यांनी अर्ज केला. वर्तमानपत्रांतली कात्रणं, बाजारातल्या भावांचे कागद, सगळं त्यांनी एका पिशवीत जमवलं होतं. पण योजनेचा नियम त्यांनी त्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर आम्हाला वाचून दाखवला, आणि कमरुन एकदम सावध झाली. ज्या खात्याचं काम बाहेरच्या मालामुळे कमी झालं, त्या खात्यातलेच कामगार पात्र.

आमच्या खात्याचं काम कमी झालं नव्हतं. वाढलं होतं.

ऑगस्टपासून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मागच्या गेटने खोकी यायची. त्यांत तयार थर्मामीटर असत, परदेशी अक्षरांचे. आम्ही थिनरच्या बोळ्याने ती अक्षरं पुसायची, शेजारच्या टेबलावर कंपनीचं नाव छापलं जायचं, मग आमच्याच डब्यात भरायचं. पॅकिंगची खोली आतून कडी लावून ठेवत. सुपरवायझरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाहेर शब्द गेला तर बाई दुसऱ्या दिवशी गेटबाहेर." बावीसपैकी सात जणींच्या घरचा माणूस फुंकणीवर नाहीतर पारा भरायला होता. सातही गप्प राहिल्या. थिनरने बोटांची सालं निघत. ह्यांनी एकदा विचारलं तर मी म्हटलं, नवीन साबण आहे, लागतो.

"अण्णांकडे कागद आहेत," कमरुन टाकीजवळ म्हणाली. "ते जिंकतीलच. आपण गप्प बसलो तर फुंकणीवाल्यांनाही मिळेल, आपल्यालाही मिळेल. कुणाचं वाईट नाही त्यात."

तिचं बरोबर होतं. कमरुन शिकलगार माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण डोकं तिचं आमच्या सगळ्यांत चांगलं. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला. घरात अंथरुणाला खिळलेली आई आणि ती. तिच्या घरातलं दुसरं कुणीच कंपनीत नव्हतं. तिला मदत मिळाली तर पॅकिंगमधूनच मिळणार होती.

सुनावणीच्या खोलीत पंखा होता, पण वारा आमच्यापर्यंत येत नव्हता. पुढे टेबलाशी अधिकारी बाई बसल्या होत्या, नाईकनवरे मॅडम. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला मगदूमअण्णा, दुसऱ्या बाजूला कंपनीचे मॅनेजर इनामदार. मागच्या बाकांवर डावीकडे पुरुष, उजवीकडे आम्ही. कुठे बसावं ते मला काही केल्या सुचेना. आधी कडेला बसले, मग उठून मध्ये बसले. कमरुनने माझ्या गुडघ्यावर हात दाबून मला गप्प बसवलं.

अण्णांनी कात्रणं पुढे केली. मॅडमनी ती शांतपणे चाळली.

"मगदूम, बाजारात परदेशी माल आला हे मला मान्य आहे. पण या कंपनीवर त्याचा परिणाम झाला, याला पुरावा काय? विक्रीचं रजिस्टर बघा. ऑगस्टपासून विक्री वाढलेलीच दिसतेय."

अण्णा गडबडले. "मॅडम, उत्पादन निम्म्यावर आलं होतं. फुंकणीवरची माणसं नोव्हेंबरअखेर घरी बसवली."

"उत्पादन घटलं आणि विक्री वाढली?" मॅडम इनामदारांकडे वळल्या. "मग विकलं काय तुम्ही?"

"साठा होता, मॅडम," इनामदार म्हणाले. आवाज अगदी मऊ. "जुना साठा. आणि उत्पादन घटलं ते मालामुळे नाही, माणसांमुळे. आमचे फुंकणीवाले जुने झाले. पीस रिजेक्ट व्हायला लागले. फुगा पातळ, फुगा वाकडा. रिजेक्टचं रजिस्टर आहे माझ्याकडे. हे बघा, तेरदाळे, सिद्राम. नोव्हेंबरात दर दहा पिसांमागे सहा रिजेक्ट. छातीत दम राहिला नाही त्यांच्या, त्याला कंपनी काय करणार?"

मी डावीकडे बघितलं. हे मान खाली घालून बसले होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सिद्राम तेरदाळे आहेत का इथे?" मॅडमनी विचारलं.

हे उठले.

"तुमचं काम खराब होत होतं?"

"हो," हे म्हणाले.

अण्णा चमकून मागे वळले. "अरे सिद्राम!"

"खोटं कसं बोलू, अण्णा? रिजेक्ट होत होता माल. रोज सुपरवायझर सांगायचा, ट्रे रिजेक्ट. म्हटलं काच खराब असेल, मग म्हटलं गॅसची ज्योत नीट नसेल. दोन्ही बदलून बघितलं." ते मॅडमकडे वळले. "श्वासच कमी पडत असणार. मिरजेत दोन डॉक्टरांना छाती दाखवली. फोटो काढला. ते म्हणतात साफ आहे. पण डॉक्टर सगळं थोडंच सांगतात?"

बाकांवर कुणीतरी खोकलं. मला माझ्या जागेवर बसवेना.

तंबाखू त्यांनी डिसेंबरात सोडली होती. पहाटे परसात उभे राहून श्वास कोंडून धरायचे आणि बोटांवर आकडे मोजायचे. मी चुलीपाशी बसून बघत असे. एके दिवशी ऐंशीपर्यंत गेले तेव्हा आत येऊन म्हणाले, "बघ, ऐंशी झाले. माणूस ऐंशी धरतो तर फुंकर कशी कमी पडेल?" मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, "उद्या नव्वद होतील."

"बसा तुम्ही," मॅडम त्यांना म्हणाल्या आणि पेन उचललं. "मगदूम, मी काय लिहू मग? उत्पादन घटल्याचं कारण..."

मी कधी उठले ते मला आठवत नाही. कमरुनने माझा पदर धरून खाली ओढलं, ते मात्र आठवतं. पदर खांद्यावरून घसरला तो मी तिच्या हातातून सोडवून घेतला.

"साठा नव्हता मॅडम," मी म्हटलं. "खोकी यायची."

"तुम्ही कोण?"

"महादेवी तेरदाळे. पॅकिंगला होते."

मग मी सांगितलं. मागचं गेट, सुट्टीचा दिवस, थिनर, परदेशी अक्षरं, आतली कडी. किती टेबलं होती, एका दिवसात एक बाई किती पुसायची. मॅडम लिहीत होत्या. डावीकडच्या बाकांवरचे सगळे पुरुष माझ्याकडे बघत होते, काहीजण आपापल्या घरच्या बाईकडे बघत होते. ह्यांच्याकडे मी बघितलं नाही.

"हे सगळं सूडबुद्धीने चाललंय," इनामदार म्हणाले. "नवऱ्याला मदत मिळावी म्हणून बायको वाटेल ते बोलणारच, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुम्ही सांगताय ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात अर्जदार आहे. तुमच्या एकटीच्या बोलण्यावर मला निकाल देता येणार नाही. ज्याला यातून काही मिळायचं नाही असं कुणीतरी सांगायला हवं." मग त्या आम्हा सगळ्या बायकांकडे वळल्या. "आणि एक मी आत्ताच स्पष्ट करते. नंतर फसवलं म्हणू नका. या बाई म्हणतात तसं असेल, तर बाहेरच्या मालामुळे पॅकिंगचं काम वाढलं. नियमाप्रमाणे पॅकिंग खातं पात्र ठरत नाही. कळलं? जी बाई साक्ष देईल ती स्वतःच्या खात्याच्या विरोधात देईल."

कुणी हललं नाही. घरी अर्जदार असलेल्या बाकीच्या सहाजणींनी उठून उपयोग नव्हता. उरल्या पंधरा. त्यांच्यापैकी एकीने पदर तोंडाला लावला. एक खिडकीबाहेर बघायला लागली. मी उभीच होते. बसावं की उभं राहावं ते कळत नव्हतं.

"कुणी नाही?" मॅडम म्हणाल्या.

"मी आहे," कमरुन म्हणाली.

ती उठली, माझ्याकडे न बघता माझ्या पुढून गेली आणि टेबलासमोर जाऊन उभी राहिली. नाव सांगितलं, घरी कोण कोण ते सांगितलं. मी बोलले ते सगळं तिने परत सांगितलं, पण माझ्यापेक्षा नीट, तारखांसकट. मॅडमनी विचारलं, "अजून काही?"

"एक राहिलं," कमरुन म्हणाली. "ते रिजेक्टचं."

इनामदार ताठ झाले.

"रिजेक्टचे ट्रे आमच्याच खोलीत आणून ठेवायचे. आम्ही बसायचो त्या टेबलांच्या मागे, भिंतीशी. महिन्यातून एकदा फोडून टाकायचे. मी ते पीस हातात घेऊन बघितलेत. एकही वाकडा नव्हता. सिद्रामभाऊंच्या ट्रेवर त्यांचा नंबर असायचा, चौदा. चौदा नंबरचा माल तर नव्या मुलींना शिकवताना आम्ही नमुना म्हणून दाखवायचो."

तेव्हा ह्यांनी मान वर केली. त्यांनी कमरुनकडे बघितलं नाही, इनामदारांकडे बघितलं नाही. वळून माझ्याकडे बघितलं.

बाहेर आलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. पुरुषांनी अण्णांना उचलून घेतलं होतं. माझ्याही पाठीवर कुणीकुणी थाप मारली. "वहिनी, मानलं तुम्हाला." पॅकिंगच्या बायका माझ्याशी न बोलता स्टँडकडे निघून गेल्या. कमरुन त्यांच्यातही नव्हती, एकटीच पुढे गेली होती.

आम्ही दोघं घरापर्यंत चालत आलो. बस मिळाली असती, पण हे थांबले नाहीत आणि मीही थांबा म्हटलं नाही. ते दहा पावलं पुढे चालत होते. रेल्वे फाटक बंद होतं, तिथे थांबावं लागलं. मालगाडी चालली होती. एकेक डबा जात होता.

गाडीकडे बघतच त्यांनी विचारलं, "ट्रे तुमच्या टेबलामागे होते?"

"हो."

"कमरुनला दिसलं. तुला नाही दिसलं?"

गाडीचा आवाज मोठा होता. मला वाटलं, ऐकू आलं नाही असं दाखवावं. पण ते वाट बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "माझं टेबल दाराशी होतं."

त्यांनी मान हलवली. फाटक उघडलं.

महिन्याने यादी लागली. फुंकणी, पारा, खुणा पाडायचं खातं, सगळे पात्र. पॅकिंग अपात्र. अण्णांनी वरती अर्ज केला, की पॅकिंगच्या बायकांचंही काम शेवटी त्याच मालामुळे गेलं, पण उत्तर आलं की नियमात बसत नाही. आमच्या घरी मदत सुरू झाली. ह्यांनी शिकायची सोयही घेतली. प्रयोगशाळेची काचेची भांडी करायचं काम ते मिरजेत शिकायला जाऊ लागले. युनियनने सभा घेतली आणि माझा सत्कार केला, साडी आणि नारळ. महादेवीताई बोलल्या म्हणून कामगार जगला, असं अण्णा माइकवरून म्हणाले. मी खुर्चीत चुळबुळत होते. बाकीच्या बायकांमध्ये मी कमरुनला शोधत होते. ती आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले, शनिवार पेठेच्या मागच्या बोळात. ती चादरींचा गठ्ठा बांधत होती. इस्पितळाच्या चादरी आणि गाऊन शिवायचं काम तिला मिळालं होतं. आई आतल्या खोलीत कण्हत होती. मला बघून ती सरळ झाली, पण बस म्हणाली नाही.

"रागावलीस?" मी विचारलं.

"रागवायला वेळ कुठे आहे?"

"कमरुन, तू उभी राहिली नसतीस तर काहीच झालं नसतं. सगळे माझं नाव घेतात. मला..."

"तुझं घेऊ देत." ती गाठ मारत होती. "माझ्याशिवाय दुसरं कोण उठणार होतं? तुम्हा सगळ्यांचं कुणी ना कुणी यादीत. उरलेल्यांत बोलता कुणाला येतं? मॅडम म्हणाल्या, ज्याला काही मिळायचं नाही असं माणूस पाहिजे. मला मिळायचं नव्हतं. मी उठले. त्यात काय एवढं?"

"मी शपथ मोडली."

"मोडलीस. एक शब्द मला आधी सांगितला असतास तर मी तुला नको म्हटलं नसतं. पण ते जाऊ दे." ती थांबली. गठ्ठ्यावर हात ठेवून तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "एक सांग. तू खोक्यांचं सगळं सांगितलंस. रिजेक्टचं का नाही सांगितलंस?"

मी दाराची कडी पुढे-मागे करत राहिले.

"सिद्रामभाऊ छाती तपासत हिंडत होते ते मला बाजारात कळलं होतं. तेव्हा मी तुला विचारलं होतं, सांगितलंस का त्यांना? तू म्हणालीस, सांगितलं. चौदा नंबरचा ट्रे तू स्वतः उचलून भिंतीशी ठेवायचीस, महादेवी. रोज. त्या दिवशी खोलीत ते म्हणाले ना, श्वासच कमी पडत असणार, तेव्हा मला कळलं की तू सांगितलेलंच नाहीस." तिने गठ्ठा डोक्यावर घेतला. "मी मदतीसाठी उठले नाही, युनियनसाठीपण नाही. तेवढं एक सांगायला उठले. आता सरक, मला उशीर झालाय."

मी दारातून बाजूला झाले. ती बोळातून निघून गेली. आई आतून विचारत होती, कोण आलं होतं गं?

घरी आले तेव्हा हे परसात होते. मिरजेला जायच्या आधी त्यांचा तो वेळ असे. आता ते श्वास कोंडत नसत, नुसते बसत. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "ट्रे मीच उचलून ठेवत होते. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं असतं तर तुम्ही इनामदारांच्या अंगावर गेला असता आणि माझं काम गेलं असतं. आणि तुमचं गेलेलंच होतं. म्हणून नाही सांगितलं. फाटकापाशीही खोटं बोलले."

ते जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील. काहीतरी फेकतील तरी.

"तुझं टेबल दाराशी नव्हतं," ते म्हणाले. "भिंतीशी होतं. दसऱ्याला कंपनीत पूजा असायची, तेव्हा मी दर वर्षी तिथेच तुझ्याशेजारी उभा असायचो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो."

एवढं बोलून ते उठले, चपला घातल्या आणि मिरजेच्या बसला गेले. मी तिथेच पायरीवर बसले. दोन महिने तो माणूस माझ्या हातची भाकरी खात होता, भाजी वाढ म्हणत होता, सत्काराच्या साडीचा रंग चांगला आहे म्हणाला होता, आणि रोज माझ्या तोंडाकडे बघत होता.

संध्याकाळी ते वेळेवर घरी आले. हातपाय धुऊन जेवायला बसले. मी नेहमीसारखं त्यांचं एकट्याचं ताट वाढलं तर म्हणाले, "तुझंही वाढून घे."